‘शिकण्याच्या शैली’नुसार तुकड्या पाडण्याविषयी खुलासा

प्रत्येक मूल ‘पाहून’, ‘ऐकून’ किंवा ‘करून’ शिकणारे असते आणि खासगी शाळांनी चाचणी घेऊन त्यानुसार वेगळ्या तुकड्या पाडल्यास गुण वाढतात, असा संदेश पालकांमध्ये फिरत आहे. हा दावा पुराव्यावर टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाच्या शैलीशी अध्यापन जुळवल्याने ते अधिक शिकते, हे दाखवणारा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, हे खरेच. पण नकाशा पाहूनच समजतो आणि उच्चार ऐकूनच, म्हणजे पद्धत ठरते ती विषयावरून. ‘तू ऐकून शिकणारा’ असा शिक्का बसलेले मूल वाचनापासून दुरावण्याचा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. याउलट, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत, उतारा पुन्हा वाचणारे महाविद्यालयीन विद्यार्थी लगेचच्या चाचणीत पुढे होते, मात्र आठवड्यानंतर, न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात अधिक राहिले. दिवसभराच्या शाळेनंतर घरी उरणारा मोजका वेळ अशा सरावाला द्यावा. शैली ठरवणाऱ्या चाचण्यांसाठी शाळेकडे आग्रह धरू नये.