फाशी १४ फेब्रुवारीला झालेली नाही

दर फेब्रुवारीत फिरणारा तो मेसेज यंदा माझ्या भाचीच्या वहीत पोचला. शाळेच्या ग्रुपवर आला आणि पोरीने भाषणासाठी उतरवून घेतला: ‘असेंब्लीत बॉम्ब टाकला म्हणून १४ फेब्रुवारीला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी दिली. त्यांना वाचवायला एकही नेता पुढे आला नाही. आणि आपण गुलाब वाटतो!’ मुलं आता हे पाठ करायला लागली, म्हणून लिहितोय.

तारीख हा मतभेदाचा विषयच नाही. भगतसिंगांच्या फाशीचं तुरुंगातलं प्रमाणपत्र आजही पाहायला मिळतं. त्यावर स्वच्छ लिहिलंय: लाहोर मध्यवर्ती कारागृह, सोमवार, २३ मार्च १९३१. देह पूर्ण तासभर लटकत ठेवल्याची नोंदही त्यातच आहे. फाशी खरं तर २४ तारखेच्या सकाळी ठरली होती. लोक उसळतील या धास्तीने सरकारने ती आदल्या संध्याकाळीच उरकली आणि मृतदेह रातोरात सतलजकाठी, हुसैनीवालाजवळ नेऊन जाळले.

मग काही जण म्हणतात, फाशी नसेल, पण शिक्षा तरी १४ तारखेला सुनावली. तेही नाही. निकाल ७ ऑक्टोबर १९३० चा.

सगळ्यात चीड येते ती बॉम्बच्या वाक्याची. ८ एप्रिल १९२९ ला असेंब्लीत, म्हणजे दिल्लीतल्या केंद्रीय कायदेमंडळात, बॉम्ब टाकले भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी, आणि त्याबद्दल दोघांना जन्मठेप झाली. राजगुरू तिथे नव्हतेच! फाशी झाली ती १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात झालेल्या साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या वधाच्या खटल्यात. त्या दिवशी पहिली गोळी झाडली आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंनी. त्यांच्या नावाने गावाचं राजगुरुनगर झालं, आणि मराठी मुलांना त्यांनी काय केलं हेच चुकीचं शिकवायचं? शिवाय तो खटला कसा चालला, हेही यात गडप होतं. व्हाइसरॉयने खास वटहुकूम काढून तीन न्यायाधीशांचं न्यायाधिकरण नेमलं. आरोपी कोर्टात नसले तरी कामकाज चालवायची मुभा दिली. हायकोर्टात अपील करायची सोय ठेवली नाही, उरली फक्त लंडनची प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे साम्राज्याचं शेवटचं अपील न्यायालय, आणि तिने अपील फेटाळलं.

१४ फेब्रुवारीचा संबंध अगदीच नाही असं नाही, हे मान्य करतो. १९३१ मध्ये त्या दिवशी पंडित मदनमोहन मालवीयांनी व्हाइसरॉय आयर्विनकडे फाशी रद्द करण्यासाठी विनंती केली. म्हणजे जी तारीख हा मेसेज मिरवतो, तीच ‘एकही नेता पुढे आला नाही’ हे खोटं पाडते. गांधींनी आणखी जोर लावायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. पण २३ मार्चला सकाळीसुद्धा त्यांनी आयर्विनला पत्र लिहिलं होतं, हे सांगायलाच हवं.

गुलाबाचं म्हणाल, तर ज्याला द्यायचा त्याने द्यावा. हुतात्म्यांची आठवण काढायची तर मागच्या २३ मार्चला हा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी काय पाठवलं होतं, ते ग्रुपवर मागे जाऊन बघा.