डोळे उघडे, तोंड बंद

दीड महिन्याच्या बाळाला "कॅमेऱ्यात बघ" म्हणून सांगणारा, आणि ते बघत नाही म्हणून त्याच्या आईवर खेकसणारा माणूस मी काल पाहिला. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेव्हा माझ्याकडून समंजसपणाची अपेक्षा ठेवू नका.

बाळाची दीड महिन्याची लस होती. नवरा म्हणाला, "बाहेर पडतेसच, तर त्याचं आधारही काढून टाक ना. मेडिक्लेमला लागतंय." एवढं बोलून तो अंबडला फर्स्ट शिफ्टला गेला. सासूबाईंचे गुडघे जिना म्हटलं की संपावर जातात, आई सिन्नरला. म्हणजे मी, बाळ आणि एक पिशवी, जिच्यात दुपटी होती, लंगोट होते, जन्मदाखला होता आणि माझी पाण्याची बाटली तेवढी नव्हती, कारण तिच्यासाठी जागाच उरली नाही.

लसीचं काम पटकन झालं. तोंडात थेंब, मांड्यांत सुया, एक किंकाळी, संपलं. त्यातली पेंटाव्हॅलंट नावाची सुई म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब, अशा पाच जणांचा एकदम बंदोबस्त. वैद्यकशास्त्राने पाच कामं एका टोचणीत बसवली आहेत. कागदपत्रांच्या शास्त्रात अजून एका कामाला पाच खिडक्या लागतात.

तिथून शालिमारला जायला रिक्षा केली. नाशकात मीटर हा रिक्षाचा दागिना आहे, तो बघायचा असतो, पाडायचा नसतो. शिवाय 2027 च्या सिंहस्थासाठी सध्या जिथे बघावं तिथे खोदकाम. "हळू घ्या हो दादा, टाके आहेत," म्हटलं तर रिक्षावाले दादा म्हणाले, "ताई, साधू यायचेत, रस्ते नकोत का?" साधूंबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ते येतात बारा वर्षांनी एकदा, आणि त्यांच्या वाटेचे खड्डे आत्ता माझ्या पोटातल्या टाक्यांना हिशोब मागत होते.

आधारचं केंद्र पहिल्या मजल्यावर. जिना असा उभा की गड चढायची आवड असणाऱ्यांनी सरावाला यावं. वर एक छोटी खोली, एक पंखा केवळ रीत म्हणून फिरणारा, आणि भिंतीशी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. तिन्हींवर धडधाकट पुरुष. एकाने माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि तातडीने मोबाईलमध्ये पाहिलं.

मी रांगेत उभी राहिले आणि माझ्या पुढची मावशी वळली.

नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. मखमलाबादकडची. द्राक्षाच्या थिनिंगला, म्हणजे घडातले मणी हाताने विरळ करायला जाते, हे तिनेच नंतर सांगितलं. पण ओळखपाळख नंतर. आधी तिने बाळाचं दुपटं दोन बोटांनी बाजूला केलं, आत पाहिलं आणि आरोपपत्र वाचायला घेतलं.

"टोपडं कुठंय?"

"मावशी, उकडतंय किती. एप्रिल आहे."

"उकडतं आपल्याला. लेकराला वारं लागतं."

त्या खोलीत वारा असता तर मीच सर्वात आधी त्याच्या पाया पडले असते. "आज लस दिलीय," मी म्हटलं, "ताप येऊ शकतो, गुंडाळू नका म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टर काय सांगतो. त्याची पोरं एसीत वाढतात." मग आवाज एक पट्टी वर. "सिझर का नारमल?"

रांग शांत झाली. पॅनकार्ड घेऊन उभ्या असलेल्या एका तरुणाने चक्क एका कानातला इअरफोन काढला. मी शक्य तितक्या हळू म्हटलं, "सिझर."

"सिझर!" मागच्यांची गैरसोय नको म्हणून मावशींनी परत सांगितलं. "आजकालच्या पोरींना कळा काढायलाच नको."

इथे माझं डोकं फिरलं. रात्रभर कळा काढल्या होत्या मी. पहाटे बाळाचे ठोके कमी व्हायला लागले तेव्हा धावपळ करून आत नेलं. पण हे सगळं त्या खोलीत, त्या पॅनकार्डसमोर, पुरावे देत बसायचं? आणि नसत्या काढल्या कळा, तरी कुणाच्या बापाचं काय जात होतं? पोट कापून घेतलेल्या बाईला "सोपं झालं बाई तुझं" म्हणणाऱ्यांना एकदा त्या पोटाने रिक्षातून शालिमारला आणलं पाहिजे.

मी काही बोलले नाही. गप्प बसले हे मावशींना संमती वाटली असावी. पुढचा प्रश्न आला, "दूध पुरतं का?"

आता मात्र संपूर्ण रांग चर्चेत उतरली. खुर्चीवरचे एक काका, मांडीवर फाईल, म्हणाले, "अळीव द्या. आमच्या मिसेसला अळिवाची खीर चालू केली आणि तीन दिवसांत फरक." त्या मिसेसला कल्पनाही नसेल की तिच्या दुधाची कहाणी शालिमारला पहिल्या मजल्यावर चालू आहे. दुसरे म्हणाले शतावरी. पॅनकार्डवाला म्हणाला, त्याच्या वहिनीने युट्यूबवर काहीतरी पाहिलं होतं. माझ्या शरीराचा एवढा गंभीर विचार आजवर कुणी केला नव्हता. डिंक, खसखस, बदाम, मेथी, सगळं सुचवून झालं. "तुम्ही बसता का?" तेवढं कुणाला सुचलं नाही.

मावशींना मात्र सुचलं. "लेकुरवाळीला पुढं जाऊ द्या रे!" त्यांनी हुकूम सोडला. त्यावर अळिवाचे काका म्हणाले, "आम्हालापण कामं आहेत, मावशी." खीर मोफत, पाळी मोफत नाही.

एवढ्यात बाळाला भूक लागली. दुधाच्या चर्चेने लागली असेल.

जवळच्याच एका सरकारी इमारतीवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी मी येताना पाहिली होती. पाळी सांभाळायचं काम मावशींवर सोपवून खाली उतरले, रस्ता ओलांडला, पोचले. पाटीवर आई आणि बाळाचं सुंदर चित्र. दाराला कुलूप. चौकशी केली तर, "चावी मॅडमकडे असते, मॅडम जेवायला गेल्यात." काचेतून डोकावलं. आत एका निवडणुकीचे जुने फलक आणि मोडकी टेबलं विश्रांती घेत होती. निदान त्यांना तरी जागा मिळाली होती.

गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय. हिरकणी रायगडावर दूध घालायला गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, पहारेकऱ्यांनी नियमावर बोट ठेवलं. घरी तान्हं बाळ. बाई कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला. पुढे राज्यभर तिच्या नावाच्या खोल्या झाल्या. आणि नाव सार्थ ठरवायचं म्हणून की काय, त्यांची दारंही बंदच ठेवली. दर वेळी मला वाटायचं, त्या गोष्टीत सगळे कड्याचं कौतुक करतात. त्या पहारेकऱ्यांना नंतर कुणी काही विचारलं का?

परत आले. जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीशेजारी, पायरीवर बसले. बाळ पोटाशी घेतलं, ओढणी ओढली. पंख्याखाली न उडणारी ओढणी जिन्यात बरोबर उडते. तेवढ्यात वरून मावशी उतरल्या, म्हणाल्या, "थांब पोरी," आणि माझ्यापुढे पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहिल्या.

मला भरून आलं. ते फार टिकलं नाही. कारण जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मावशी खणखणीत आवाजात सांगू लागल्या, "इकडं बघू नका हं! लेकरू दूध पितंय! खाली बघून जा!"

जी माणसं आपल्या नादात निघाली होती, ती थांबली. एका कुरिअरवाल्याने घाबरून पार्सल पाडलं. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी वाकून विचारलं, "काय झालं?" मावशींनी त्यालाही सांगितलं. "सिझर आहे तिचं," हेही सांगितलं.

अखेर आमची पाळी आली. पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारला बोटांचे ठसे नाहीत, बुबुळं नाहीत. नुसता फोटो, आणि आई किंवा बापाचा अंगठा. म्हणजे एवढ्याशा जिवाच्या बोटांवर विसंबता येत नाही हे सरकारलाही मान्य आहे. त्याच्या मानेवर मात्र भरवसा दांडगा.

"मागे पांढरा पडदा येऊ द्या. तुमचा हात दिसायला नको," कॉम्प्युटरवरचे दादा म्हणाले.

"अहो, मान धरत नाही अजून तो."

"मग मान धरा. पण हात दिसायला नको."

मी कशीबशी मागून धरली. चिरंजीव दूध पिऊन गाढ झोपलेले. "डोळे उघडे पाहिजेत, सिस्टीम घेत नाही," दादा म्हणाले. तळव्यांना गुदगुल्या केल्या. डोळे उघडले, त्याबरोबर मांडीतल्या सुयांची आठवण झाली आणि भोकाड. "तोंड बंद पाहिजे," दादा म्हणाले. तोंड बंद झालं की डोळे बंद. डोळे उघडले की तोंड उघडं. दोन्ही एकाच बटणावर आहेत, हे आईला पहिल्या आठवड्यात कळतं, सिस्टीमला कोण सांगणार? "मॅडम, बाळाला जरा सांगा ना, कॅमेऱ्यात बघ म्हणून. मागे लाईन आहे," असं म्हणून ते माझ्यावर खेकसले ते इथे.

मग रांग मदतीला धावली. अळिवाच्या काकांनी किल्ल्या वाजवल्या. पॅनकार्डवाल्याने रिंगटोन लावली. कुणी टाळ्या, कुणी चुटक्या, कुणी मांजराचा आवाज काढला, आणि तो इतका हुबेहूब की मीच दचकले. चिरंजीवांनी या सगळ्यांकडे दुर्लक्ष करून छताकडे पाहिलं. शेवटी मावशी पुढे सरसावल्या, "ए माझ्या सोन्या, बघ बघ बघ," म्हणत त्यांनी हनुवटीला हात लावला. पोराने डोळे टक्क उघडले, तोंड मिटलं, खट्.

"आला," दादा म्हणाले, आणि पावतीचा प्रिंट दाबला.

पुढची पाळी मावशींची. रेशनच्या दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही, म्हणून ठसे नव्याने द्यायला त्या आल्या होत्या. अंगठा ठेवला, मशीनवर लाल. पुसून ठेवला, लाल. ओला करून, दाबून, दुसऱ्या हाताचा, लाल. "रेघाच राहिल्या नाहीत हो मावशी. क्रीम लावा, पंधरा दिवसांनी या." मावशींनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. "थिनिंगमध्ये गेलं सगळं," म्हणाल्या, आणि बुधवारचा बाजार उठायच्या आत गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाघाटावर, पोचायचंय म्हणून निघाल्या. जाता जाता मला, "मेनरोडला टोपडं घे. दोरीचं घे, कानावरून सरकत नाही."

रिक्षात बसल्यावर पावती नीट पाहिली. फोटोत चिरंजीव थेट कॅमेऱ्यात बघतायत, चेहऱ्यावर भाव असा की या देशाचा रहिवासी व्हायचं की नाही ते अजून ठरायचंय. आणि हनुवटीखाली, स्वच्छ, नखासकट, मावशींचा अंगठा. जो सरकारच्या यंत्राला कुठेच सापडला नाही, तो माझ्या पोराच्या आधारवर उमटलाय.

रिजेक्ट झालं तर मेसेज येईल म्हणे. आला, तर पुढच्या वेळी नवरा जाणार आहे, हे कालच रात्री ठरलंय. तो विचारत होता, बरोबर काय काय न्यायचं. म्हटलं, जन्मदाखला, तुझं आधार, आणि सिझर का नॉर्मल, दूध पुरतं का, अळीव चालू आहे का, ही उत्तरं पाठ करून जा.