‘कामगारच बेल्ट लावत नाहीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

परांचीवरच्या (बांधकामाभोवती उभारलेल्या तात्पुरत्या मचाणावरच्या) कामगारांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. कठडे नसलेल्या परांचीवर माणसाला चढवायचे आणि त्याला पट्टा बांधून आपली जबाबदारी संपली असे समजायचे, याला सुरक्षा म्हणता येणार नाही, एवढेच त्या लेखाचे म्हणणे होते. त्यावर आपण लिहिता की ‘एसी केबिनमध्ये बसून लेख पाडणाऱ्यांना’ साइट काय असते ते ठाऊक नसते. आपले म्हणणे असे की मी सगळ्या ठेकेदारांना खुनी ठरवले आहे. कठड्यांचा खर्च लहान कामांना परवडत नाही. बांबूच्या परांचीवर पिढ्यान्‌पिढ्या कामे होत आली आहेत. आणि हिंमत असेल तर मी आपल्या चालू कामावर येऊन बघावे. यातच एक वाक्य असे आहे : ‘आम्ही बेल्ट देतो, कामगारच लावत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’

‘खुनी’ हा शब्द माझ्या लेखात कुठेही नाही. तो आपण आणला आणि नंतर त्यावर रागावलात. मतभेद असायला माझी हरकत नाही, परंतु मी न लिहिलेले माझ्या तोंडी घालून वर ‘लेख पाडणारे’ म्हणायचे, ही बोलण्याची रीत २२ वर्षे ठेकेदारी केलेल्या माणसाला शोभत नाही.

एक चूक मात्र मान्य करतो. सिझर लिफ्टमध्येही (कात्रीसारख्या घड्यांवर सरळ वर जाणाऱ्या यंत्राच्या पाटावरही) हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याच्या दोरीचा, हुक नेहमी अडकवलेलाच असावा, असे मी सरसकट लिहिले होते. आपण दाखवून दिलेत की सिझर लिफ्टच्या पाटाला चारी बाजूंनी कठडा असतो आणि तो शाबूत असेल, फाटक बंद असेल व माणूस कठड्यावर चढत नसेल, तर सर्वसाधारणपणे तेवढे पुरेसे मानले जाते. हे बरोबर आहे. लांब यांत्रिक हाताच्या टोकाला पाळणा असलेल्या बूम लिफ्टची गोष्ट वेगळी, कारण तिचा हात हिसका बसून उसळला तर पाळण्यातला माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो, म्हणून तिथे आखूड दोरीने पाळण्याच्या ठरलेल्या कडीलाच अडकून राहावे लागते. पण मग, कठडा असेल तर पट्ट्यावाचूनही माणूस सुरक्षित राहतो हे आपणच सांगितलेत. मी दुसरे काय म्हणत होतो?

आता ‘कामगारच लावत नाहीत’ हे आपले वाक्य. ते मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि, सांगताना लाज वाटते, एकदा स्वतः लिहिलेही आहे. १९९४ साली मी चिंचवडमधल्या एका बांधकामावर सुपरवायझर म्हणून लागलो. एसी केबिन तर सोडाच, पत्र्याच्या शेडमध्ये सिमेंटच्या गोण्यांवर नकाशे पसरून आम्ही काम करत असू. तिथे कलबुर्गीकडचा एक प्लास्टर मिस्त्री चौथ्या मजल्याच्या पातळीवरून पडला. पट्टा त्याच्या अंगावर होता, हुक पाठीमागे लोंबत होता. अपघाताच्या अहवालात ‘कामगाराने हुक अडकवला नव्हता’ असे मी लिहिले आणि खाली सही केली. त्यातले अक्षर न्‌ अक्षर खरे होते. हुक कशाला अडकवायचा होता, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही. त्याचा भाऊ त्याच परांचीवर घमेली देत होता. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्यानंतरची माझी सगळी नोकरी मी त्या एका न विचारलेल्या प्रश्नामागे घालवली आहे, आणि म्हणून आपले वाक्य मला सहजासहजी पुढे जाऊ देता येत नाही.

प्लास्टर करणारा माणूस एका जागी उभा राहत नाही. थापी फिरवत तो हात-दोन हात पुढे सरकतो, ओळंबा लावायला वाकतो, माल घ्यायला मागे वळतो. त्याच्या हार्नेसला बहुधा एकच दोरी असते. हुक आडव्या बांबूला अडकवला तर तो पुढच्या खांबापर्यंतच सरकतो, आणि खांब ओलांडायचा तर हुक काढावाच लागतो. म्हणजे नेमक्या पाय टाकण्याच्या क्षणी माणूस मोकळा. दोन दोऱ्या दिल्या तर एक अडकवल्यावर दुसरी काढता येते, किंवा आडवी जीवनदोरी ताणून दिली तर हुक तिच्यावरून माणसाबरोबर चालतो. आपण यातले काही देता का, याविषयी आपल्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही. त्यात भर अशी की त्याला मजुरी मिळते चौरस फुटावर. दिवसात कितीतरी वेळा हुक काढायचा आणि लावायचा, तर तो वेळ त्याच्या पोटातून जातो. अशा माणसाने हुक लोंबता ठेवला की आपण त्याला बेफिकीर म्हणता.

समजा, त्याने अडकवला. कशाला? काथ्याने किंवा सुतळीने बांधलेल्या बांबूला. झटका शोषणारी पट्टी असलेल्या चांगल्या दोरीतही युरोपीय मानकानुसार ६ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० किलो वजनाइतका ओढा येऊ शकतो. ती पट्टी नसेल तर त्याहून पुष्कळ अधिक. आपली गाठ बांधणाऱ्याने हा ओढा हिशेबात धरला होता का? शिवाय दोरी २ मीटर, पट्टी उलगडून १.७५ मीटरपर्यंत, पाठीवरच्या कडीपासून पावलांपर्यंत सुमारे दीड मीटर आणि वर एक मीटर मोकळी जागा, असे मिळून हुकाच्या खाली सव्वासहा मीटर रिकामे लागतात. पायांच्या पातळीला हुक अडकवून जमिनीपासून पाच मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला असा हार्नेस अडवण्याआधीच खाली पोचवतो. आणि जो वरच्या वर अडकला, त्याला पट्ट्यांत लोंबकळत ठेवून चालत नाही, कारण पायांत रक्त साठून तो काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याला उतरवायचे कसे आणि कोणी, हे आपल्या कामावर ठरलेले आहे का?

म्हणूनच ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनी क्रम बांधून दिला : शक्य असेल तर उंचीवर काम करूच नये, करावे लागले तर पडताच येणार नाही अशी सोय करावी, आणि तेही जमत नसेल तिथेच पडणाऱ्याला अडवण्याची साधने वापरावीत, त्यातही एकेकट्याच्या अंगावरच्या साधनाआधी सर्वांना वाचवणारे साधन. आपल्याकडे १९९६ साली संसदेने केलेल्या बांधकाम कामगारांच्या कायद्यातही कलम ४४ ने सतत आणि पुरेशी देखरेख ठेवण्याची व अपघात टाळण्यासाठी सर्व व्यवहार्य उपाय योजण्याची जबाबदारी मालकावर टाकली. ‘बेल्ट देणे’ एवढ्यावर ती जबाबदारी भागते, असे त्या कलमात मला कुठेही आढळलेले नाही.

खर्च, बांबू आणि परंपरा या आपल्या बाकीच्या मुद्द्यांवर फारसे लिहीत नाही. खर्च निविदेत धरायचा असतो. तो न धरता दर पाडून काम घ्यायचे आणि नंतर परवडत नाही म्हणायचे, हा माझा प्रश्न नव्हे. बांबूला माझा विरोध नाही, कठडा नसण्याला आहे. पिढ्यांविषयी बोलायचे तर त्या पिढ्यांतले किती जण पडले याची नोंद कोणी ठेवली होती, ते आपणच सांगावे.

सिझर लिफ्टविषयीची दुरुस्ती मी मूळ लेखात केली आहे आणि आपली प्रतिक्रिया एकही शब्द न वगळता तशीच ठेवली आहे. साइटवर येण्याचे आपले आव्हानही मला मान्य आहे. येईन तेव्हा बेल्ट वाटल्याच्या सह्यांचे रजिस्टर दाखवू नका. ज्या परांचीवर त्या दिवशी माणसे चढलेली असतील तिच्या चौथ्या मजल्यावर मला घेऊन चला, आणि हुक कुठे अडकवायचा ते तिथे उभे राहून दाखवा.