खुबा दुखला की थेट एमआरआय? जरा थांबा

ठाण्यातल्या सोसायटी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, घोडबंदरपासून कळव्यापर्यंत सगळीकडे पोचलाय बहुतेक. त्याचं म्हणणं असं की तिशीच्या आत खुबा दुखला तर एक्स-रेवर पैसे घालवू नका, थेट एमआरआय काढा, लेब्रम (खुब्याच्या वाटीच्या कडेची कूर्चेची गोल पट्टी) फाटलेला दिसला की लगेच ऑपरेशन नाहीतर चाळिशीत सांधा बदलावा लागतो, आणि मॅरो एडिमा लिहिलं असेल तर एव्हीएनच, म्हणजे रक्तपुरवठा तुटून हाड मरत चाललंय.

आधी लेब्रमचं बघू, कारण घाबरतात लोक यालाच. 2012 साली अमेरिकेत खुबा अजिबात न दुखणाऱ्या 45 जणांचा एमआरआय काढला, सरासरी वय 38 च्या आसपास, तर 69 टक्के जणांचा लेब्रम फाटलेला निघाला! म्हणजे येऊरला मजेत पळणाऱ्यांना उद्या मशीनमध्ये घातलं तरी बऱ्याच जणांच्या रिपोर्टात टिअर येणार. म्हणून दुखणं जांघेत आहे का, गुडघा छातीकडे घेऊन आत वळवला की तेच दुखणं उठतं का, हे हाताने तपासल्याशिवाय त्या ओळीला अर्थ नाही. ऑपरेशन फालतू असतं असंही नाही हां, 2018 च्या ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये हाडं घासून दुखणाऱ्या खुब्यांना व्यायामानेही फरक पडला आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनने थोडा जास्त, पण म्हणून 'लगेच' कुठून आलं?

एक्स-रे फुकट जातो म्हणे. अहो, खुब्याची वाटी उथळ आहे का, हाडाला उंचवटा आहे का, हे आधी साध्या एक्स-रेवरच बघतात. वाटी उथळ असताना नुसता लेब्रम शिवून मूळ दुखणं तसंच राहू शकतं.

मॅरो एडिमा म्हणजे हाडाच्या आत पाणी दिसतंय, बस. एव्हीएन असेल, टीबी असेल, किंवा पाम बीच रोडवर पळताना एकदम किलोमीटर वाढवलेल्याचा, मांडीच्या हाडाच्या मानेतला (खुब्याच्या गोळ्याखालचा भाग) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणाने पडलेली बारीक चीर, आणि तो मानेच्या वरच्या बाजूला असेल तर पळणं त्याच दिवशी बंद, डॉक्टरही त्याच दिवशी. एव्हीएनबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे, सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो, त्यामुळे स्टेरॉइड झालेत किंवा दारू जास्त आहे आणि जांघ दुखतेय तर एमआरआय लांबवू नका, दोन्ही खुब्यांचा काढा.

आणि सकाळी उठल्यावर कुल्ला आखडतो, चालल्यावर मोकळा होतो, असं महिनोन् महिने चाललंय? मग खुब्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी गप्प बसू नका, एसआय जॉइंट (कणा खाली कमरेच्या हाडाला मिळतो तो सांधा) बघायला सांगा, संधिवाताच्या डॉक्टरकडून.