इंग्रजांसारखं बांधायचं असेल तर...

परवा आमच्या इथल्या नूतनीकरण झालेल्या नाट्यगृहात नाटक बघितलं. बघितलंच फक्त, ऐकू काही आलं नाही. एसी बंद, शर्ट पाठीला चिकटलेला. मध्यंतरात शेजारचे काका उसासा टाकून म्हणाले, "इंग्रजांच्या काळात हे चाललं नसतं हो." हे काका तुमच्याही ओळखीचे आहेत. इंग्रजांनी बांधलेल्या पुलाची मुदत संपल्याचं लंडनहून आलेलं ते पत्र दर पावसाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तेच पाठवतात.

तेव्हा काकांच्या इच्छेखातर, इंग्रजांसारखं बांधायच्या काही सूचना. नमुना म्हणून खुद्द त्यांची पार्लमेंटची इमारत घेऊ.

आधी जुनी वास्तू जाळून टाका. 16 ऑक्टोबर 1834 ला त्यांनी जुन्या हिशेबाच्या खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या लॉर्ड्सच्या (म्हणजे वरिष्ठ) सभागृहाखालच्या भट्ट्यांत दिवसभर कोंबल्या. दुपारी बघायला आलेल्या पाहुण्यांना फरशी बुटांच्या तळव्यांतून गरम लागत होती. तरी कोणी भट्टी विझवली नाही. शॉर्टसर्किटची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे बिचाऱ्यांना खरं कारण शोधावं लागलं.

अंदाजपत्रक असं द्या की कोणी दचकू नये. 97 आराखड्यांतून निवडलेल्या वास्तुविशारद चार्ल्स बॅरीने सव्वासात लाख पौंडांच्या आत आणि सहा वर्षांत काम करतो म्हणून सांगितलं. खर्च वीस लाखांवर गेला. बॅरी 1860 मध्ये वारला, उरलेलं काम मुलाने 1870 पर्यंत ओढलं.

दगड निवडायला अभ्यासदौरा काढा. इंग्लंडच्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणवणारा विल्यम स्मिथसुद्धा खाणी बघत हिंडला. एवढं करून पसंत पडलेला दगड हव्या त्या आकारात निघेना, म्हणून दुसऱ्या खाणीचा घेतला. इमारत पुरी होण्याआधीच तो झडू लागला.

पाथरवट मुकादमाच्या जाचाला कंटाळून संपावर गेले, तर मुकादम मुळीच बदलू नका. (1841.)

घड्याळाचा आराखडा वकिलाकडून करून घ्या. घंटा चाचणीतच तडकली तर दुसरी ओता. तीही दोन महिन्यांत तडकली, तर थोडी वळवून हलका हातोडा लावा. आजही तीच बिग बेन म्हणून वाजते आणि पर्यटक तिचे फोटो काढतात.

आता हवा खेळती ठेवण्याचं. यासाठी डॉ. रीड नावाचा एडिंबराचा रसायनतज्ज्ञ नेमा आणि वास्तुविशारदाशी त्याचं भांडण लावून द्या. त्याच्या हवेसाठी मधला उंच मनोरा आराखड्यात घुसवा. 1845 पासून बॅरी त्याच्याशी फक्त पत्राने बोलायचा, एकाच इमारतीत काम करताना! मग तोडगा म्हणून लॉर्ड्सची हवा बॅरीकडे आणि कॉमन्सची, म्हणजे कनिष्ठ सभागृहाची, रीडकडे द्या. म्हणजे एका छपराखाली दोन हवा, आणि दोघांचं बोट एकमेकांकडे. आमच्याकडेही एसीवाला म्हणतो वायरिंगवाल्याला विचारा, वायरिंगवाला म्हणतो आमचं काम हस्तांतरित झालं, कार्यालय म्हणतं साहेब बैठकीत आहेत, आणि प्रेक्षागृहात पहिल्या रांगेतल्या आजी स्मरणिकेने वारा घेतायत! ध्वनिव्यवस्थेचं तर विचारूच नका. 1850 मध्ये नव्या कॉमन्समध्ये बसून पाहिल्यावर खासदारांनाही काही ऐकू येईना. त्यांनी छत खाली आणायला लावलं. बॅरी चिडला, पण छत खाली आलं.

काका, आता सरळच सांगतो. ते लोक काही देवदूत नव्हते. पैसे बुडवले, वर्षं बुडवली, घंटा फोडल्या. पण समित्या बसल्या, बॅरीला आणि रीडला समोर बसवून जाब विचारला, साक्षी छापल्या, आणि 1852 मध्ये रीडला घरी पाठवलं. त्यांच्यात गैरसोय झालेला माणूस बोंबलायचा. आपण तिकिटाचे पैसे मोजून घाम गाळतो, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवतो आणि घरी येऊन इंग्रजांचं कौतुक फॉरवर्ड करतो. एसीचं कंत्राट कोणाला दिलं, बिल कोणी पास केलं, देखभालीची मुदत कधीपर्यंत आहे, यातला एक तरी प्रश्न आजवर तुम्ही विचारलात? माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तेवढंही होत नसेल तर निदान इंग्रजांचं नाव घेऊ नका, गप्प घाम पुसत बसा.