उज्जैनपासून 555 किलोमीटर? आधी नकाशा उघडा

रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाचा नववीत आहे. भूगोलाची प्रकल्पवही पुरी करत बसला होता, विषय ‘नकाशावाचन’. पहिल्याच पानावर लाल स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलेले: ‘उज्जैन हे पृथ्वीचे केंद्र आहे.’ त्याखाली ज्योतिर्लिंगांच्या अंतरांचा तक्ता. उज्जैनपासून ओंकारेश्वर 111 किमी, त्र्यंबकेश्वर 555, घृष्णेश्वर 555, भीमाशंकर 666, सोमनाथ 777, केदारनाथ 888, काशी विश्वनाथ, मल्लिकार्जुन आणि वैजनाथ प्रत्येकी 999, रामेश्वर 1999. कुठून आणलेस हे, विचारले तर म्हणाला, “आजीने पाठवलं.” आजी म्हणजे माझी आई. तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मजकूर.

हा मजकूर कित्येक वर्षे फिरतो आहे आणि मी दरवेळी सोडून देत आलो. पण नकाशावाचनाच्या वहीत, शेजारी नकाशासंग्रह मिटलेला असताना हे आकडे उतरवलेले पाहिले आणि राहवले नाही.

आम्ही नकाशासंग्रह उघडला. भारताच्या नकाशाचे प्रमाण 1 सेंटिमीटरला 100 किलोमीटर. पट्टी ठेवली. उज्जैन ते त्र्यंबक जेमतेम 4.3 सेंमी, म्हणजे सुमारे 430 किमी. उज्जैन ते वेरूळ (घृष्णेश्वर तिथेच) साडेतीन सेंमी, म्हणजे 355 च्या आसपास. दोन्ही ठिकाणे 555 वर असतील, तर ती उज्जैनभोवतीच्या एकाच वर्तुळावर यायला हवीत. मग कंपासचे टोक उज्जैनवर रोवले, साडेपाच सेंमीचा कंस मारला. तो गेला मुंबईवरून आणि पुढे धाराशिवजवळून. त्र्यंबक आणि वेरूळ दोन्ही कंसाच्या बरेच आत राहिले. पोरगा बघतच राहिला. एवढी साधी गोष्ट आहे ही. पट्टी, कंपास आणि पाच मिनिटे. हजारो लोकांनी ‘पुढे पाठवा’ केले, त्यांतल्या एकानेही ही पाच मिनिटे काढली नाहीत.

लगेच कुणीतरी म्हणणार, ‘ही रस्त्याची अंतरे असतील.’ नाहीत. ओंकारेश्वरचे 111 घ्या. ते सरळ रेषेत खरेच 111 भरते, हे मान्य करतो. केदारनाथही सरळ रेषेत 900 च्या जवळ येते, दहाबारा किलोमीटरचा फरक सोडून देऊ. पण उज्जैनहून इंदूरमार्गे रस्त्याने ओंकारेश्वरला जायचे तर 140 च्या आसपास पडतात. म्हणजे तिथे 111 हवे म्हणून सरळ रेषा घेतली. मग बाकीच्यांनाही तीच लावा. सोमनाथ 610 भरते, भीमाशंकर 510, काशी 770, रामेश्वर 1,580. दहांपैकी एक बरोबर, एक जवळपास, आठ साफ चूक. एकाला सरळ रेषा, दुसऱ्याला रस्ता, तिसऱ्याला मनाला येईल तो आकडा, याला मोजणी म्हणत नाहीत.

आणि मुळात किलोमीटर? हा सगळ्यांत हास्यास्पद भाग. मीटर हे माप 1790 च्या दशकात फ्रान्समध्ये ठरले: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. म्हणून ध्रुव ते विषुववृत्त 10,000 किमी आणि त्याचे 90 अंश केले की अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे 111 किमी. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा झाला 1956 मध्ये. त्याआधी कोस होता, योजन होते, मग मैल आला. ज्यांनी ही देवळे बांधली त्यांनी फ्रान्समध्ये पुढे कधीतरी ठरणाऱ्या मापात 555 आणि 777 जुळवले, असे म्हणायचे आहे का? कोसात मोजा, मैलात मोजा, सगळे 555, 777 सारखे आकडे क्षणात गायब होतात.

आता ‘पृथ्वीचे केंद्र’. यात अर्धे सत्य आहे आणि ते अर्धे मला मनापासून आवडते, म्हणूनच उरलेल्या अर्ध्याचा राग येतो. भारतीय ज्योतिषगणिताची मध्यरेषा उज्जयिनीवरूनच जात असे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धांतशिरोमणीत ती स्पष्ट सांगितली आहे: लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांना स्पर्श करत मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत, जाणारे सूत्र. ग्रिनिचला जगाने 1884 मध्ये दिलेला मान आपल्या पंचांगकर्त्यांनी उज्जैनला शेकडो वर्षे आधी दिला होता. पण ती रेषा आहे, केंद्र नव्हे. पूर्व-पश्चिम मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते, म्हणून ठरवलेली. त्याच ग्रंथात भास्कराचार्य पृथ्वी गोल आहे म्हणतात, तिचा परिघ 4,967 योजने देतात, तो दोन गावांच्या अक्षांशांतल्या फरकावरून त्रैराशिकाने कसा काढायचा तेही सांगतात. माणूस जिथे उभा असेल तिथे त्याला आपणच पृथ्वीच्या वर आहोत असे वाटते, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. गोलाच्या पृष्ठभागाला केंद्र नसते. हे ज्याला नऊशे वर्षांपूर्वी ठाऊक होते, त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा 1207 चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. वेरूळहून उज्जैनला निघालात तर हे गाव वाटेजवळच लागते. तिथे थांबा.

त्याच मजकुरात पुढे आहे: ‘100 वर्षांपूर्वी इंग्रज शास्त्रज्ञाने कर्करेषा काढली, तिचा मध्य उज्जैन निघाला.’ कर्कवृत्त कुणी काढलेले नाही. सूर्य उत्तरेकडे जास्तीत जास्त जिथवर डोक्यावर येतो ती मर्यादा म्हणजे कर्कवृत्त, आणि पृथ्वीला वळसा घालणाऱ्या वर्तुळाला मध्यबिंदूचे गाव कसले? शिवाय ते महाकाळाच्या देवळावरून जात नाही, उत्तरेला सुमारे 28 किमीवरून जाते. ‘पूर्वी जात असेल’ हेही नको. ते दरवर्षी 15 मीटरच्या आसपास दक्षिणेकडे सरकते आहे, म्हणजे पूर्वी आणखी लांब होते.

मजकुरातली ‘2050 वर्षांपूर्वीची यंत्रे’ म्हणजे उज्जैनची वेधशाळा. ती सवाई जयसिंहांनी 18 व्या शतकात बांधली. पुढे.

वैजनाथ 999 हे वाचून आईला मात्र खरेच वाईट वाटले. ती दर श्रावणात परळीला जाते. परळी उज्जैनपासून 490 किमीच्या आत आहे. काही जण वैजनाथ म्हणून मानतात ते झारखंडमधले देवघर धरले तर 1,120. 999 दोन्हीकडे बसत नाही. पण आकड्याच्या हट्टापायी आपल्या परळीला यादीतून काढून टाकले, हे फॉरवर्ड करताना तिच्या लक्षात आले नव्हते.

ही ठिकाणे तिथेच का, या प्रश्नाला भूगोलाकडे चांगले उत्तर आहे आणि या मजकुराने तेच पुसले. त्र्यंबकला गोदावरी उगम पावते, भीमाशंकरला भीमा. ओंकारेश्वर नर्मदेतल्या बेटावर आहे, सोमनाथ समुद्रकाठी, काशी गंगेच्या वळणावर. पाणी, घाट, बंदर, यात्रेची वाट. माणूस जिथे पोचतो, थांबतो, वस्ती करतो तिथे देऊळ उभे राहते. नववीच्या मुलाने नकाशावर हेच शोधायचे असते.

भाच्याने पान फाडले नाही. 555 वर दोन्हीकडे पेन्सिलीने काट मारली, शेजारी 430 आणि 355 लिहिले, आणि खाली प्रमाण: 1 सेंमी = 100 किमी. मग आजीकडे पट्टी देऊन म्हणाला, “आता परळी तू मोज.”