वेलिगामात बिऱ्हाड

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामा गावी सर्फिंग शिकायला येणारा माणूस साधारणपणे एकटा, पंचविशीचा आणि पाठीवरच्या एका पिशवीत मावेल एवढाच संसार असलेला असतो. रुंद, अर्धवर्तुळाकार खाडी, पायाखाली खडकांऐवजी वाळू आणि लाट फुटल्यावर दूरवर धावत येणारे फेसाळ पाणी, अशी सगळी सोय निसर्गाने जणू त्याच्यासारख्या नवशिक्यासाठीच केली आहे. तिथे आम्ही एप्रिलमध्ये महिनाभराचे बिऱ्हाड केले. त्या बिऱ्हाडात सासूबाई, सासरे, आतेसासूबाई, यजमान, दोन मुले आणि पाच लिटरचा कुकर यांचा समावेश होता. सर्फिंग शिकण्याची इच्छा फक्त माझी होती, आणि ती पुरी करण्यासाठी बाकीच्यांनी किती त्याग केला आहे याची आठवण मला रोज करून देण्यात येत असे.

सासरे म्हणजे आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि जन्माने रत्नागिरीचे असल्यामुळे समुद्राविषयीची त्यांची मते ठाम आहेत. रत्नागिरीला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो. वेलिगामात तो अर्ध्या मीटरच्या आसपास घुटमळतो. अण्णांनी जेटीजवळच्या एका खुंटावर खडूने खुणा करून हे सिद्ध केले आणि समुद्र कामचुकार असल्याचा शेरा वहीत नोंदवला. इथल्या लाटा भरतीमुळे उठत नाहीत, हजारो किलोमीटर दक्षिणेला अंटार्क्टिकाच्या बाजूला होणाऱ्या वादळांतून त्या निघतात, असे सर्फिंग शिकवणाऱ्या मुलाने त्यांना समजावले, तेव्हा "म्हणजे माल बाहेरून येतो," एवढेच बोलून त्यांनी वही मिटली. त्यानंतर कोणतीही किंमत ऐकली की तिला साडेतीनने भागून तिचे भारतीय रुपये करणे, एवढेच काम त्यांच्याकडे उरले.

जेवणाची कथा अधिक गंभीर होती. ओले खोबरे, लाल मिरची, कांदा आणि लिंबू यांचे पोल सांबोल दिसायला इतके आपले आहे की कोकणी माणसाने ते डोळे मिटून पानात वाढून घ्यावे. आतेसासूबाईंनी तसेच घेतले, आणि घास हातात असताना घरमालकीणबाईंना सहज विचारले, की यात मासे तर नाहीत ना. "नो फिश, अम्मा. ओन्ली उंबलकड," असे प्रसन्न उत्तर आले. उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेल्या माशाला उंबलकड म्हणतात, आणि त्याचा चुरा तिथे मसाल्यात मोडतो, माशांत नाही. घास ताटात परत गेला. त्या दिवसापासून कुकर रोज चढू लागला, आणि माझी शिकवणी व कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी सुरू होऊ लागल्या.

बोर्डावर पालथे झोपायचे, मागून तो मुलगा ढकलतो, आणि तो "अप!" म्हणाला की गुडघा न टेकता एका झटक्यात उभे राहायचे, एवढेच सर्फिंगचे शास्त्र आहे. यात कुठेही, खारे पाणी नाकात गेलेले असताना डाळ भिजत घातली होती का या प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते, असे लिहिलेले नाही. मला ते द्यावे लागे, कारण दोन लाटांच्या मधल्या शांततेचा नेमका अंदाज सासूबाईंना माझ्याआधी आला होता.

सासूबाईंचा मुख्य आक्षेप मात्र वेगळाच होता. या गावात कोणाला काळवेळ नाही, दुपारी बारा वाजता लोक केळी खाऊन त्याला न्याहारी म्हणतात, असे त्यांचे निरीक्षण होते. किनाऱ्यालगतच्या गॉल रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूपुरते ते खरेही होते. पण १३-१४ एप्रिलच्या सुमारास, सूर्य मीनेतून मेषेत जाताना, सिंहली नववर्ष आले आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूचे गाव जागे झाले. मालकीणबाईंनी आणलेल्या छापील यादीत चूल कधी पेटवायची, कोणत्या दिशेला तोंड करून, कोणत्या रंगाचे वस्त्र नेसून, पहिला घास कधी घ्यायचा आणि पहिला व्यवहार कधी करायचा, हे सगळे मिनिटांसह दिले होते, आणि हे मुहूर्त सरकारने नेमलेले ज्योतिषी ठरवतात असे कळल्यावर सासूबाईंनी त्या देशाच्या शासनव्यवस्थेविषयी प्रथमच आदराने उद्गार काढले.

संक्रमणाच्या आगेमागे मिळून सुमारे तेरा तासांचा 'नोनगते' नावाचा काळ असतो. त्यात मुहूर्त लागेपर्यंत काम, स्वयंपाक आणि खाणे वर्ज्य असते. सासूबाईंनी हे नियम आमच्या घराला मालकीणबाईंपेक्षाही कडकपणे लागू केले. कुकर कपाटात गेला, मुलांची बिस्किटे जप्त झाली आणि यजमानांना, सूर्य राशी बदलत असल्यामुळे आज बैठकीला हजर राहता येणार नाही, असे परदेशातल्या साहेबांना कळवावे लागले. मुहूर्तावर नव्या मडक्यातले दूध उतू गेले, तेव्हा "ही तर आपली रथसप्तमी!" असे म्हणून आत्यांनी हात जोडले आणि मुगाच्या, तळलेल्या, मासेविरहित फराळावर अनेक दिवसांची भूक भागवली.

पुढे काही दिवसांनी डोक्याला तेल लावण्याचा मुहूर्त आला. हे तेल घरातल्या वडीलधाऱ्या व्यक्तीने लावायचे असते. आवारात वयाने सर्वांत मोठ्या आत्याच असल्यामुळे तो मान त्यांना मिळाला आणि त्यांनी तो हातचे न राखता पार पाडला. उन्हाने पिंगट झालेले केस घेऊन सर्फिंग शिकवणारी मुलेही रांगेत बसली. "केसांचा नुसता काथ्या झालाय," असे मराठीत बजावत आत्या प्रत्येकाच्या टाळूवर वाटीभर तेल जिरवत होत्या, आणि मुले मान डोलावत होती.

दुसऱ्या दिवशी पाण्यात गेल्यावर त्या तेलाचा प्रताप कळला. पाय घसरू नये म्हणून बोर्डाला जे मेण चोळतात, त्यावर आमच्या दोघांच्याही डोक्यांवरचे तेल ओघळले होते. मी नेहमीप्रमाणे पडले, पण उभे राहून दाखवायला गेलेला माझा गुरूही लागोपाठ पडत राहिला. किनाऱ्यावरून हे सारे पाहणाऱ्या अण्णांनी त्या दिवशी त्याला निम्मेच शुल्क द्यावे असे ठरवले, आणि तेही आधी साडेतीनने भागून.